लडाखची थंडी आणि पहाटेचे इंजिन : सर्वप्रदेशगामी वाहनांची खरी कसोटी

वृत्तविश्लेषण

नवी दिल्ली : पूर्व लडाखमधील उंचावरच्या चौक्यांवर जानेवारीच्या रात्री पारा उणे ३० अंशांखाली उतरतो. पहाटे गस्तीच्या तुकडीला निघायचे असते, पुढच्या चौकीवर रॉकेल आणि शिधा पोहोचवायचा असतो, एखाद्या आजारी जवानाला तातडीने खाली आणायचे असते. अशा वेळी तळावर किती वाहने उभी आहेत, या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. त्यांपैकी किती वाहनांची इंजिने पहिल्या काही प्रयत्नांत सुरू होतील, यावर त्या दिवसाचे सारे नियोजन अवलंबून असते.

गेल्या काही वर्षांत भारतीय लष्कराने एटीव्ही या नावाने ओळखली जाणारी सर्वप्रदेशगामी वाहने उत्तर सीमेवर मोठ्या अपेक्षेने आणली. वाळू, दगडगोटे, दलदल आणि बर्फ यांवरून चालण्याची त्यांची क्षमता निर्विवाद आहे. परंतु अतिशीत प्रदेशात वाहनाची परीक्षा ते धावू लागण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. इंधन, वंगण, बॅटरी, निवारा आणि प्रशिक्षित हात या पाच गोष्टींची साखळी जिथे तुटते, तिथे महागडे वाहनही जागचे हलत नाही. म्हणूनच या वाहनांच्या खरेदीबरोबरच त्यांच्यामागे उभ्या राहणाऱ्या व्यवस्थेचा विचार होणे आवश्यक ठरते.

रस्ता संपतो तेथून पुढे

जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात झालेल्या संघर्षात २० भारतीय जवान हुतात्मा झाले. त्यानंतर पूर्व लडाखमधील वाढीव तैनाती भर हिवाळ्यातही कायम राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये देपसांग आणि डेमचोक येथील गस्तीबाबत भारत आणि चीन यांच्यात समझोता झाला आणि तणाव काहीसा निवळला. तथापि प्रत्यक्ष ताबा रेषेवरील हिवाळी दक्षता संपलेली नाही.

या काळात मोठ्या पायाभूत सुविधांना वेग आला. रोहतांग खिंडीखालील ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला. सोनमर्ग बोगद्याचे उद्घाटन जानेवारी २०२५ मध्ये झाले. सुमारे १३ किलोमीटर लांबीच्या झोजिला बोगद्याचे आणि सुमारे १५ हजार ८०० फूट उंचीवरील शिंकुन ला बोगद्याचे काम सुरू आहे. न्योमा येथे सुमारे १३ हजार ७०० फूट उंचीवरील धावपट्टी सज्ज झाली आहे. लेहपर्यंत आणि तेथून पुढच्या मुख्य तळांपर्यंत माल नेण्याचे काम त्यामुळे सोपे होत आहे.

खरी अडचण रस्ता संपतो तेथे सुरू होते. शेवटच्या चौकीपर्यंतचे काही किलोमीटर ट्रकला जमत नाहीत. पूर्वी हे अंतर खेचरे, हमाल आणि जवानांच्या पाठीवरच कापले जाई. सियाचिन हिमनदीवर हिमस्कूटर आले. पूर्व लडाखच्या वाळूमिश्रित, खडकाळ पठारांवर अमेरिकेच्या पोलारिस कंपनीची हलकी वाहने दिसू लागली. २०२५ च्या प्रजासत्ताकदिन संचलनात ‘चेतक’ हे सर्वप्रदेशगामी वाहन आणि ‘कपिध्वज’ हे मोठ्या चाकांचे विशेष वाहन देशाने पाहिले. चंदीगड येथे बांधणी होणाऱ्या, पाण्यातूनही जाऊ शकणाऱ्या ९६ वाहनांची मागणी लष्कराने जेएसडब्ल्यू गेको मोटर्स या कंपनीकडे नोंदवली. हलकी, चपळ आणि कुठेही जाणारी वाहने ही आता लष्कराच्या हिवाळी नियोजनाची गरज बनली आहेत.

थंडी इंजिनाला कोठे गाठते

थंडीच्या दिवसांत जुनी मोटारसायकल चोक ओढून, चार-पाच वेळा किक मारून सुरू करण्याचा अनुभव नाशिक-नागपूरकडील वाचकांना नवा नाही. तेथील किमान तापमान मात्र बहुधा शून्याच्या वरच राहते. उणे ३० अंशांवर तीच अडचण वेगळ्याच पातळीवर जाते, कारण तिथे तीन आघात एकाच वेळी होतात.

पहिला आघात बॅटरीवर होतो. शिसे-आम्ल बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. उणे १८ अंशांच्या आसपास तिची उपयुक्त क्षमता जवळपास निम्म्यावर येते आणि पारा आणखी उतरला की ती आणखी घटते. पूर्ण भारित बॅटरीतील आम्ल उणे ६० अंशांपर्यंतही गोठत नाही. परंतु तीच बॅटरी उतरलेली असेल, तर आत जवळजवळ पाणीच उरते आणि उणे १० अंशांच्या सुमारास ती गोठून फुटू शकते. म्हणजे आदल्या संध्याकाळी बॅटरी किती भरलेली होती, यावर दुसऱ्या सकाळचे बरेच काही ठरते. लिथियम बॅटऱ्या वजनाने हलक्या असतात. मात्र शून्याखालील तापमानात त्या भारित केल्यास आत धातुरूप लिथियमचा थर साचतो आणि बॅटरी कायमची निकामी होण्याचा धोका असतो. त्या वापरायच्या तर आधी त्यांना ऊब देणारी यंत्रणा हवी.

दुसरा आघात वंगणतेलाचा. बॅटरीची ताकद निम्मी झालेली असते नेमक्या त्याच वेळी इंजिन फिरवायला नेहमीपेक्षा दुपटीने, कधी त्याहूनही अधिक जोर लागतो, कारण तेल मधासारखे घट्ट झालेले असते. तेलाच्या डब्यावर ‘डब्ल्यू’ या अक्षराआधी असणारा आकडा याच गुणधर्माचा निदर्शक आहे. मैदानी भागात सर्रास वापरले जाणारे ‘१५ डब्ल्यू’ श्रेणीचे तेल उणे २० अंशांपर्यंत इंजिन फिरू देईल या कसोटीवर पारखलेले असते. ‘५ डब्ल्यू’ उणे ३० अंशांपर्यंत, तर ‘० डब्ल्यू’ उणे ३५ अंशांपर्यंत. सपाटीवरच्या भांडारातून चुकीच्या श्रेणीचा डबा वर गेला, तर वाहनात कोणताही दोष नसताना ते उभे राहते. त्याहून वाईट म्हणजे ते कसेबसे सुरू झालेच, तर तेल वरच्या भागांपर्यंत पोहोचण्याआधीच धातू धातूवर घासतो आणि इंजिनाचे आयुष्य घटते.

तिसरा आघात ज्वलनावर. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबली गेल्याने ती तापते आणि त्या उष्णतेने इंधन पेटते. आत येणारी हवा ५० अंशांनी अधिक थंड असेल, तर दाबल्यानंतरच्या तापमानातील घट शंभर अंशांच्या पुढे जाते. त्यातच इंजिन सावकाश फिरत असल्याने उरलीसुरली उष्णताही थंडगार धातू शोषून घेतो. म्हणून डिझेल वाहनांना ग्लो प्लग किंवा हवा तापवणारे साधन लागते आणि तेही त्या दमलेल्या बॅटरीवरच चालते. पेट्रोल इंजिनात ठिणगी असते; पण द्रव पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. उणे ४० अंशांच्या आसपास पेट्रोलची वाफ जेमतेम पेट घेण्याइतकीच निघते. आधुनिक इंधन-अंतःक्षेपण प्रणाली थंडीत अधिक इंधन सोडून ही कमतरता भरून काढते. परंतु वारंवार सेल मारूनही इंजिन सुरू झाले नाही, तर प्लग पेट्रोलने भिजतात आणि मग ते काढून पुसल्याशिवाय गत्यंतर नसते.

इंधनाचे गणित

हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि उन्हात ठेवली की तेल पुन्हा पातळ होते, हे घरोघरी पाहायला मिळते. डिझेलचेही साधारण असेच होते. त्यातील मेणासारखे घटक थंडीत कणरूप होतात, इंधन गढूळ दिसू लागते, ते कण गाळणीत अडकतात आणि शेवटी डिझेल वाहणेच थांबते. ज्या तापमानापर्यंत ते वाहू शकते, त्याला प्रवाहबिंदू म्हणतात. नेहमीच्या डिझेलसाठी भारतीय मानकात हिवाळ्यातील प्रवाहबिंदूची कमाल मर्यादा ३ अंश आहे. मैदानासाठी ती पुरेशी आहे. लडाखसाठी अर्थातच नाही.

वर्षानुवर्षे यावरचा उपाय डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे हा होता. लेह-मनालीच्या वाटेवरील ट्रकचालक पहाटे टाकीखाली चिंध्या किंवा स्टोव्ह पेटवून इंधन वितळवत. हा उपाय जितका जुना, तितकाच धोक्याचा. या पार्श्वभूमीवर इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये पानिपत येथील शुद्धीकरण कारखान्यात तयार केलेले हिवाळी डिझेल बाजारात आणले. त्याचा प्रवाहबिंदू उणे ३३ अंश आहे. लेह, कारगिल, काझा आणि केलाँग या भागांतील वाहनचालकांच्या दृष्टीने हा मोठा बदल होता.

तरीही या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. प्रवाहबिंदू हा इंधन वाहण्याची अखेरची मर्यादा सांगतो. गाळणी मात्र त्याच्या काही अंश आधीच तुंबू शकते, कारण मेणाचे कण तोवर तयार झालेले असतात. उंचावरील चौक्यांवर पारा उणे ३५ अंशांपुढे गेला, तर हाताशी असलेली सुरक्षित मर्यादा फार अरुंद राहते. उन्हाळ्यात साठवलेल्या पिंपांतील जुने डिझेल टाकीच्या तळाशी उरले असेल, तर हिवाळी डिझेल भरूनही इच्छित परिणाम मिळत नाही. ऋतू बदलण्याआधी टाक्या आणि गाळण्या रिकाम्या करून घेणे हे काम म्हणूनच कागदावर क्षुल्लक आणि प्रत्यक्षात निर्णायक ठरते.

जगातील इतर लष्करांनी या प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले आहे. उत्तर अटलांटिक करार संघटनेच्या सदस्य देशांनी विमाने आणि भूदलाची वाहने यांसाठी शक्यतो एकच, म्हणजे विमानाच्या रॉकेलवर आधारित इंधन वापरण्याचे धोरण स्वीकारले. ‘जेट ए-१’ या विमान इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंश असल्याने थंडीत ते डिझेलपेक्षा भरवशाचे असते. मात्र त्यात वंगणगुण कमी असतो. त्यासाठी योग्य मिश्रके न वापरल्यास डिझेल इंजिनाचा इंधनपंप लवकर झिजतो. एका सोयीची किंमत दुसरीकडे मोजावी लागते, हे येथेही दिसते.

सर्वप्रदेशगामी वाहनांच्या बाबतीत हा तिढा अधिक ठळक होतो. हलकी वाहने बहुधा पेट्रोलवर चालतात, तर ट्रक, जनित्रे आणि मोठी वाहने डिझेलवर. पेट्रोल इंजिन थंडीत तुलनेने लवकर सुरू होते आणि हलके असते. परंतु त्यासाठी इंधनाची दुसरी साखळी उभी करावी लागते आणि पेट्रोलचा साठा बुखारीच्या शेजारी असणाऱ्या बंकरांच्या वस्तीत अधिक धोकादायक ठरतो. डिझेलवरील वाहन निवडले, तर पुरवठा सोपा आणि पहाट अवघड होते. कोणत्या चौकीला कोणते वाहन द्यायचे, हा निर्णय म्हणूनच वाहनाच्या वेगापेक्षा इंधनाच्या पिंपांवरून घ्यावा लागतो.

विरळ हवेची भर

सायबेरिया किंवा उत्तर कॅनडातील थंडी लडाखइतकीच, किंबहुना अधिक कडक असते. तरीही तेथील अनुभव जसाच्या तसा येथे लागू होत नाही, कारण तेथे वाहने बहुतांशी कमी उंचीवर चालतात. लेह सुमारे ३ हजार ५०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असतो. ४ हजार ३०० मीटरवर तो ६० टक्क्यांच्या आसपास येतो, तर साडेपाच हजार मीटरवर निम्मा उरतो. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्ती साधारण त्याच प्रमाणात घटते. थंड हवा अधिक घन असल्याने थोडी भरपाई होते, पण ती अपुरी असते. कागदावर ५० अश्वशक्तीचे असलेले इंजिन येथे प्रत्यक्षात ३०-३५ अश्वशक्तीचेच काम करते आणि त्याच इंजिनाला भार घेऊन चढ चढायचा असतो. परदेशी कंपनीच्या माहितीपत्रकातील भारक्षमतेचा आकडा त्यामुळे लडाखमध्ये कमी धरूनच चालावे लागते.

सुरू झाल्यानंतरचे धोके

इंजिनाने आवाज दिला म्हणजे अडचण संपली असे नाही. अनेक हलक्या सर्वप्रदेशगामी वाहनांत गिअरऐवजी रबरी पट्ट्यावर चालणारी स्वयंचलित प्रणाली असते. रात्रभर थंडीत राहिलेला हा पट्टा ताठ आणि ठिसूळ होतो. चालकाने लगेच जोर दिला, तर तो तडकतो. पहिली काही मिनिटे हळू चालवून पट्टा गरम करणे आणि एक जादा पट्टा सोबत ठेवणे, हा थंड प्रदेशातील साधा नियम आहे. दिवसा नाल्यातून गेलेल्या वाहनाच्या ब्रेकमध्ये शिरलेले पाणी संध्याकाळी गोठते आणि सकाळी चाके जखडलेली आढळतात. ओल्या जमिनीवर उभे केलेले टायर जमिनीलाच चिकटतात. म्हणून ते फळ्यांवर किंवा कोरड्या खडीवर उभे करावे लागतात. अंगठ्याने दाबायच्या थ्रॉटलच्या तारेत बर्फ झाल्यास तो दाबलेल्या स्थितीतच अडकू शकतो आणि अरुंद वाटेवर हा दोष जिवावर बेततो.

टायरमधील हवेचेही असेच आहे. या वाहनांच्या टायरांत दर चौरस इंचाला पाच-सात पौंड इतकाच दाब असतो, कारण मऊ टायरच वाळू आणि बर्फावर पकड देतात. दुपारी १५ अंशांत सहा पौंड भरलेला दाब रात्री उणे ३० अंशांवर चारच्याही खाली येतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन पौंडांची घट फारशी जाणवत नाही. येथे ती एक-तृतीयांशाहून अधिक असते आणि टायर रिंगवरून निसटू शकतो.

सर्वात फसवा धोका छोट्या फेऱ्यांचा. इंजिन सुरू करून दहा मिनिटांत पुन्हा बंद केले, तर आत तयार झालेली पाण्याची वाफ बाहेर पडण्याइतके ते तापत नाही. हे पाणी तेलात मिसळते आणि इंजिनाला श्वास घेऊ देणाऱ्या नळीत गोठते. नळी बंद झाली की आतला दाब वाढून तेल बाहेर फेकले जाते. चौकी ते चौकी अशा छोट्या अंतरांसाठी आणलेल्या वाहनांना नेमके हेच जीवन जगावे लागते. शीतकाच्या बाबतीतही अधिक म्हणजे उत्तम हा समज चुकीचा ठरतो. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे समसमान मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास टिकते. शुद्ध ग्लायकॉल मात्र उणे १३ अंशांच्या सुमारासच गोठते.

रात्रभर चालू ठेवण्याची किंमत

इंजिन सकाळी सुरू होणार नाही या भीतीने ते रात्रभर चालूच ठेवण्याची पद्धत थंड प्रदेशांत सर्वत्र आढळते. मोठ्या ट्रकचे इंजिन नुसते चालू ठेवले, तरी तासाला दोन-तीन लिटर डिझेल जळते. दहा ट्रक बारा तास चालू राहिले, तर एका रात्रीत अडीचशे ते साडेतीनशे लिटर इंधन जागच्या जागी संपते. हे इंधन पानिपतहून शेकडो किलोमीटर प्रवास करून आणि अनेक खिंडी ओलांडून तेथे पोहोचलेले असते. शिवाय मंदगतीने चालणाऱ्या इंजिनात ज्वलन अपुरे राहते आणि काजळी साचते.

तुलनेने स्वस्त पर्याय उपलब्ध आहेत. इंजिनाच्या ठोकळ्यात बसवलेला विद्युत तापक उत्तर युरोपात घरापुढच्या मोटारींनाही जोडलेला असतो. वीज नसेल तेथे थोडेसे इंधन जाळून शीतक गरम करणारे छोटे तापक वापरता येतात. रात्री बॅटरी काढून उबदार बंकरमध्ये ठेवणे हा तर विनाखर्चाचा उपाय आहे. लडाखमध्ये हिवाळ्यातही ऊन भरपूर मिळते आणि जाड मातीच्या भिंती व दक्षिणेकडील काचा यांच्या आधारे घर उबदार ठेवण्याचे तंत्र तेथे रुजले आहे. तेच तत्त्व वाहनशाळेला लावले आणि आतले तापमान उणे ३० ऐवजी उणे ५ अंशांवर राहिले, तरी वर वर्णन केलेल्या बहुतेक अडचणी मावळतात. बंद शाळेत इंजिन चालू केल्यास कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो, म्हणून वायुवीजनाची सोय मात्र अनिवार्य ठरते.

यंत्रामागचा माणूस

या साऱ्या व्यवस्थेचा भार अखेर चालक आणि यांत्रिक विभागाच्या जवानांवर येतो. उणे ३० अंशांवर उघड्या हाताने धातूला स्पर्श केला, तर त्वचा चिकटते. जाड हातमोजे घालून छोटा स्क्रू फिरवता येत नाही आणि ते काढले तर काही मिनिटांत बोटे बधिर होतात. सांडलेले पेट्रोल अधिक धोकादायक असते, कारण ते बाहेरच्या हवेइतकेच थंड असूनही गोठत नाही आणि त्वचेवरून उडताना उरलीसुरली उष्णता ओढून घेते. हिमदंश होण्यास काही क्षण पुरतात. सपाटीवर अर्ध्या तासात होणारी दुरुस्ती येथे दोन तास घेते. त्यात विरळ हवेने येणारा थकवा आणि सुस्ती मिळवली की, देखभालीतील एखादी पायरी गाळण्याचा मोह का होतो, हे समजते. देखभाल सोपी असणे हा अशा वाहनाचा गौण गुण मानता येणार नाही.

याच कारणामुळे जुने सोबतीही निवृत्त झालेले नाहीत. लेह येथील संरक्षण उच्च उंची संशोधन संस्थेने नुब्रा खोऱ्यातील दोन मदारींच्या उंटांवर काम केले असून चाचण्यांत हे उंट सुमारे १७० किलो भार वाहू शकल्याचे दिसून आले. जानेवारी २०२६ च्या प्रजासत्ताकदिन संचलनात हे उंट आणि झंस्कारी तट्टे कर्तव्यपथावर चालली. दुसऱ्या टोकाला, पुण्यात १५ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या लष्करदिन संचलनात चार पायांची यांत्रिक खेचरे दिसली. ती बॅटरीवर चालतात. त्यामुळे थंडीचा पहिला आघात त्यांच्यावरही होणारच. उंटाला सकाळी गरम करावे लागत नाही, परंतु त्याला चारा लागतो आणि त्याचा वेग मर्यादित असतो. तिन्ही साधने एकमेकांची जागा घेण्यापेक्षा एकमेकांची उणीव भरून काढतील, असेच सध्याचे चित्र आहे.

खरेदीच्या अटींत काय असावे

लष्कर मोठ्या खरेदीपूर्वी वाहनांच्या वाळवंटात आणि अतिउंच प्रदेशात चाचण्या घेते. त्या चाचण्यांत नवे कोरे वाहन, कंपनीचे तंत्रज्ञ आणि ताजी बॅटरी असते. खरी परीक्षा तिसऱ्या हिवाळ्यात होते, जेव्हा रबराच्या सीलना भेगा पडलेल्या असतात, बॅटरीने दोनशे थंड सकाळी पाहिलेल्या असतात आणि मूळ चालकाची बदली झालेली असते. म्हणून वाहन किती तापमानापर्यंत चालते या आकड्याबरोबरच आणखी एक अट महत्त्वाची ठरते : अतिउंचीवर सलग काही दिवस उघड्यावर उभे राहिल्यानंतर बाहेरच्या मदतीशिवाय, स्वतःच्या बॅटरीवर, किती प्रयत्नांत आणि किती मिनिटांत ते सुरू होते.

या कामात महाराष्ट्रातील संस्थांचा थेट संबंध येतो. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची वाहन संशोधन संस्था अहिल्यानगरजवळ आहे, तर देशातील वाहन परीक्षणाची एक प्रमुख संस्था, एआरएआय, पुण्यात आहे. प्रयोगशाळेतील शीतकक्ष थंडी निर्माण करू शकतो. थंडी, विरळ हवा, वारा, धूळ आणि माणसाचा थकवा हे सारे एकत्र फक्त लडाखमध्ये भेटते. प्रयोगशाळेतील निष्कर्ष आणि चौकीवरील दैनंदिन नोंदी यांची सांगड घातली गेली, तर पुढच्या पिढीचे स्वदेशी वाहन परदेशी माहितीपत्रकापेक्षा स्वतःच्या अनुभवावर उभे राहील.

याचा लाभ केवळ लष्करापुरता राहणार नाही. हिवाळ्यात तुटलेल्या गावापर्यंत जाणारी रुग्णवाहिका, वीजवाहिनी दुरुस्त करणारे पथक, हिमस्खलनानंतरचे बचावकार्य, गुलमर्गमध्ये पर्यटकांना फिरवणारा स्थानिक वाहनचालक, या सर्वांना याच प्रश्नाला तोंड द्यावे लागते. हिवाळी डिझेल सामान्य वाहनचालकांसाठी आले आणि त्याने डोंगराळ भागाचे दैनंदिन जीवन सुकर केले, हे उदाहरण ताजे आहे. योग्य श्रेणीचे तेल, साधे तापक आणि उबदार वाहनशाळा यांचाही प्रसार त्याच वाटेने होऊ शकतो.

बोगदे पूर्ण होतील तसतसा लडाखपर्यंतचा पुरवठा बारमाही होईल आणि अधिक वाहने वर पोहोचतील. त्यामुळे थंडीचा प्रश्न सुटणार नाही, उलट त्याला तोंड देणाऱ्या यंत्रांची संख्या वाढेल. वाहनाच्या किमतीच्या तुलनेत तापक, जादा बॅटरी, राखीव पट्टा आणि वाहनशाळेचा खर्च किरकोळ आहे. मात्र खरेदीच्या फायलीत या बाबी बहुधा शेवटच्या परिशिष्टात येतात. पहाटे पाच वाजता आजारी साथीदाराला स्ट्रेचरवर बांधून इंजिनाच्या आवाजाची वाट पाहणाऱ्या तुकडीसाठी त्या परिशिष्टाचे मोल संचलनातील वाहनापेक्षा कमी नसते.